गाडीचा ईसीएम गेला म्हणतात: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी आणि पलीकडून चंदगड-गडहिंग्लजच्याही गाड्या आमच्या ईसीएम दुरुस्तीच्या टेबलापर्यंत येतात. ईसीएम म्हणजे इंजिनावर ताबा ठेवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. पुष्कळ जण "ईसीएम गेलाय, नवा घालावा लागेल" हे ऐकूनच आलेले असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा ईसीएम ठणठणीत असतो. ज्याचं घर गाडीवर चालतं त्याला नको तो खर्च पडतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून लोक रोज जे विचारतात ते इथं सविस्तर लिहिलं आहे.

ईसीएम आणि ईसीयू वेगळे असतात का? तो गाडीत असतो कुठे?

एकच वस्तू. कुणी ईसीएम म्हणतं, कुणी ईसीयू, जुने वायरमन नुसतं "डबा" म्हणतात. अॅल्युमिनियमचा किंवा अॅल्युमिनियम-प्लॅस्टिकचा चपटा डबा, त्याला एक-दोन मोठे कप्लर, म्हणजे वायरी जोडायचे सॉकेट. इंजिनवरचे सेन्सर त्याला फिरण्याचा वेग, हवेचा दाब, पाण्याचं तापमान, पेडल किती दाबलंय हे सांगतात. तो हिशेब करून इंजेक्टर किती वेळ उघडायचा आणि पेट्रोल गाडीत ठिणगी कधी टाकायची ते ठरवतो. काही गाड्यांत तो बॉनेटखाली बॅटरीच्या शेजारी असतो, काहींत आत डॅशबोर्डखाली, पायांच्या जवळ. आपला कुठे आहे ते आजच बघून ठेवा. पुराच्या पाण्यात गाडी अडकली की पहिला प्रश्न तोच येतो.

चेक इंजिनचा दिवा लागला म्हणजे ईसीएम खराब झाला का?

नाही. दिवा लावणारा तोच आहे. म्हणजे तो जागा आहे आणि कुठेतरी बिघाड आहे म्हणून तुम्हाला हाक मारतोय. बहुतेक वेळा तो बिघाड सेन्सरचा, वायरीचा किंवा एखाद्या फाटलेल्या हवेच्या पाइपचा असतो.

काळजी करायची ती उलट खूण दिसली की. चावी ऑन केल्यावर हा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन उठलं की विझला पाहिजे. चावी ऑन करूनही तो लागतच नसेल, इंधनाच्या पंपाचा "घुंऽऽ" आवाज येत नसेल आणि स्कॅनरही (बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) जोडत नसेल, तर डब्याला करंट पोहोचत नाही किंवा डबा मेला आहे. नव्या गाड्यांत डॅशबोर्डवरचं मीटर स्वतःच तो दिवा लावतं, त्यामुळे एकट्या दिव्यावरून तिथं निकाल देता येत नाही.

गॅरेजवाल्यांनी "ईसीएम बदला" सांगितलं. हो म्हणायच्या आधी काय तपासून घेऊ?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून इथं जरा थांबू.

ईसीएमला जगायला तीन गोष्टी लागतात: बॅटरीचा कायमचा करंट, चावी ऑन केल्यावर मेन रिलेतून येणारा करंट, आणि चांगलं अर्थिंग. या तिन्ही कप्लरच्या पिनेवर, कप्लर ईसीएमला जोडलेला असताना, मोजायच्या. नुसता फ्यूज डोळ्यांनी बघून "आहे करंट" म्हणणं पुरेसं नाही. बॅटरी भरलेली असेल तर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि सेल मारताना (स्टार्टर फिरवताना) ती ९.६ च्या खाली जायला नको. गेली, तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल. इंजिन चालू असताना साडेतेरा ते पावणेपंधराच्या दरम्यान चार्जिंग हवं. त्याहून बरंच वर जात असेल, तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय आणि नवा ईसीएम घातला तरी तोही जाईल.

अर्थिंग मोजताना लोक चुकतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवून "टुंई" वाजलं की अर्थिंग चांगलं असं धरतात. दहा तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर वाजतं. खरी परीक्षा लोडवर: मीटरची एक सुई ईसीएमच्या अर्थच्या पिनेवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि सेल मारायचा. ०.१ किंवा फार तर ०.२ व्होल्ट दाखवायला हवं.

गेल्या पावसाळ्यात खानापूर भागातले एक दूधवाले मामा गाडी ओढून घेऊन आले. मागे रिकामे कॅन, त्यांना आंबट वास सुटलेला. दोन ठिकाणी ईसीएम बदलायला सांगितलेलं. इंजिन फिरायचं पण उठायचं नाही, स्कॅनर कधी जोडायचा, कधी नाही. सेल मारताना अर्थच्या पिनेवर १.९ व्होल्ट दिसले. अर्थची वायर हाताने धरत गेलो तर ती बॅटरीच्या ट्रेखाली एका बोल्टला जाऊन मिळत होती. ट्रे काढला, बोल्ट फिरवला, तो हातातच आला. लगेवर (वायरीच्या टोकाच्या कडीवर) हिरवा चुरा, खालचा पत्रा गंजून सोललेला. पॉलिश पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, नवी लग मारली, घट्ट केलं, वर ग्रीस लावलं. पहिल्या सेलला गाडी उठली. मामांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

करंट आणि अर्थ बरोबर असेल तर पुढची पायरी पाच व्होल्टची. ईसीएम सेन्सरांना स्वतःकडून ५ व्होल्ट देतो आणि एकाच लाइनवर दोन-तीन सेन्सर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला किंवा त्याची वायर घासून बॉडीला लागली, की सगळी लाइन बसते आणि गाडी ईसीएम मेल्यासारखी वागते. अशा वेळी चावी ऑन ठेवून मीटर त्या लाइनवर लावायचं आणि एकेक सेन्सरचा कप्लर काढत जायचं. ज्याचा कप्लर काढल्यावर शून्याचे पाच होतात, चोर तोच. सगळे काढूनही शून्यच, तर ती पिन ईसीएमच्या कप्लरमधून मोकळी करून पुन्हा बघायचं. आता पाच आले तर वायरिंग शॉर्ट आहे. तरीही शून्य, तर मग डबा उघडायला हरकत नाही.

ही लाइन तपासायला बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका. बल्ब जितका करंट ओढतो तितका ही लाइन द्यायला बनलेलीच नाही. मीटरच वापरा.

स्कॅनर जोडतच नाही. म्हणजे ईसीएम मेला ना?

घाई नको. आधी तोच स्कॅनर दुसऱ्या गाडीला लावून बघा. मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटच्या १६ नंबर पिनेला बॅटरीचा करंट आणि ४ व ५ ला अर्थ आहे का ते पाहा. या सॉकेटचा फ्यूज बऱ्याच गाड्यांत सिगारेट लायटरबरोबर असतो. मोबाइलचा स्वस्त चार्जर घालून तो उडालेला असतो आणि दोष ईसीएमवर येतो.

त्यानंतर बोलायच्या वायरी. ६ आणि १४ नंबरच्या पिना म्हणजे कॅनची, गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी ज्या लाइनवर बोलतात तिची, जोडी. बॅटरी काढून या दोन पिनांमध्ये ओहम मोजले तर बऱ्याच गाड्यांत ६० च्या आसपास येतात, कारण लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० दाखवलं तर एक टोक सुटलंय. शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. मध्ये गेटवे (निरोप पुढे पाठवणारा वेगळा डबा) असलेल्या गाड्यांत हे माप सॉकेटवर तसं मिळत नाही, तिथं ईसीएमच्या कप्लरवर जाऊन बघावं लागतं. जुन्या गाड्या ७ नंबरच्या एकाच वायरीवर, के-लाइनवर, बोलतात.

आणखी एक: बाहेरून बसवलेला अलार्म, जीपीएस किंवा म्युझिक सिस्टिम या वायरींवर चढवलेली असेल तर आधी ती सोडवा.

पी०६०६ किंवा पी०६०१ कोड आलाय. आता तरी नक्की ना?

हे कोड ईसीएमच्या आतल्या बिघाडाचेच आहेत. पहिला प्रोसेसरचा, दुसरा मेमरीचा. पण बॅटरी मरणाला टेकलेली असताना सेल मारला तर हेही कधी कधी येतात. चांगली बॅटरी लावा, कोड पुसा, गाडी चालवा. पुन्हा आले तर डबा उघडायचा. पी०६४१ हा वर सांगितलेल्या पाच व्होल्टच्या लाइनचा कोड आहे, त्याला आधी सेन्सर आणि वायरी. यू०१०० म्हणजे बाकीच्या कंट्रोलरना ईसीएम बोलताना ऐकू येत नाही. तो मेला आहे की त्याची वायर तुटली आहे, हे त्या कोडवरून कळत नाही.

बॅटरीची वायर काढून ठेवली की कोड जातो. मग झालं ना काम?

काही गाड्यांत कोड जातो, बिघाड जात नाही. आणि कोडबरोबर तो कुठल्या वेगाला, किती तापमानाला आला याची नोंदही जाते. तीच आम्हाला हवी असते. कृपा करून न पुसता आणा.

पुराचं पाणी गाडीत शिरलं. काय करायचं?

२०१९ च्या ऑगस्टमधल्या आणि २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर आमच्याकडे अशा गाड्यांची रांग लागली होती. २०२१ ला निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी थेट महामार्गावर आलं. कृष्णा, दूधगंगा, मलप्रभा, मार्कंडेय, सगळ्यांच्या काठची गावं हे जाणतात.

पहिली गोष्ट: चावी फिरवू नका. "उठते का बघूया" म्हणून मारलेला एक सेल ईसीएमचाही घात करतो आणि सिलिंडरमध्ये पाणी असेल तर इंजिनाचाही. दुसरी: बॅटरीचं निगेटिव्ह लगेच काढा. नुसत्या पाण्याने जेवढं नुकसान होत नाही तेवढं पाणी आणि करंट एकत्र आल्याने होतं. करंट असेल तर पिनांमधलं तांबं काही तासांत हिरवं होऊन झिजायला लागतं. निगेटिव्ह वेळेत काढलेल्या गाड्यांचे डबे आम्ही धुऊन, वाळवून परत चालवलेत. बॅटरी जोडलेलीच ठेवून चार दिवसांनी आलेल्यांत पिनाच शिल्लक नव्हत्या.

डबा काढून आणला की तो उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुवायचा आणि कोमट हवेत नीट वाळवायचा. तांदळात पुरून ठेवणं, कडक उन्हात ठेवणं, चुलीजवळ ठेवणं, हे काही करू नका. पुराचं पाणी स्वच्छ नसतं. त्यातला गाळ आणि क्षार वाळून पिनांमध्ये बसतात, म्हणून वाळवण्याआधी धुणं गरजेचं.

डबा उंचावर होता, भिजला नाही, तरी निर्धास्त राहू नका. खाली भिजलेल्या कप्लरातून पाणी वायरीच्या आतल्या तारांमधून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ईसीएमच्या पिनेपाशी हिरवं होऊन बसतं. कणकुंबी, चोर्ला घाटाच्या बाजूला गाडी रोज जात असेल तर पूर नसतानाही पावसाळ्यानंतर एकदा कप्लर उघडून बघावेत.

घुशी-उंदरांनी वायरी खाल्ल्या. ईसीएमला काही होतं का?

वायर तुटली तर शक्यतो काही होत नाही. दोन सोललेल्या वायरी एकमेकींना लागल्या तर होतं. इंजेक्टरची किंवा ठिणगीच्या कॉइलची वायर थेट बॅटरीच्या वायरीला चिकटली की ईसीएमच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे ती वायर चालू-बंद करणारा पार्ट, जळतो. अशी गाडी सेल मारून बघू नका. जोड देताना पीळ देऊन टेप गुंडाळायची सवय सोडा. सोल्डर आणि वर हीटश्रिंक नळी. सुगीत धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी उभी असेल तर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडा.

जंपर (दुसऱ्या बॅटरीवरून करंट घ्यायची वायर) उलटा लागला. किंवा ट्रकच्या बॅटरीवरून स्टार्ट केली.

उलटा लागला तर आधी मोठा फ्यूज जातो, तो गेला असेल तर नशीब चांगलं. त्यानंतर अल्टरनेटरचे डायोड, आणि ईसीएमच्या आत करंट शिरतो तिथला संरक्षक डायोड. हा डायोड स्वतः शॉर्ट होऊन मागच्या सगळ्यांना वाचवतो. तो बदलला आणि जळलेला ट्रॅक जोडला की पुष्कळ वेळा डबा पूर्ववत होतो. म्हणून "उलटा जंपर लागला, आता नवाच घ्या" हे ऐकलं तर आधी उघडून दाखवायला सांगा.

ट्रकच्या २४ व्होल्टवरून लावणं जास्त वाईट. नुकसान कुठपर्यंत गेलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही.

कॅरिअर किंवा बंपर वेल्डिंग करायचा आहे.

बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, ईसीएमचे कप्लर काढा, आणि वेल्डिंगचं अर्थ काम चाललंय त्याच्या अगदी जवळ लावा. उद्यमबागेत असो की गावच्या वेल्डरकडे, पाच मिनिटांचं काम आहे. वेल्डर "काही होत नाही" म्हणेल. तरी काढा.

डबा उघडल्यावर आत नेमकं काय दुरुस्त होतं? काय होत नाही?

आधी डबा टेबलावर, करंटची मर्यादा लावता येणाऱ्या सप्लायवर जोडतो. जोडल्याबरोबर सप्लाय मर्यादेला जाऊन बसला तर आत शॉर्ट आहे. तो शोधायची एक जुनी युक्ती आहे: आतल्या सर्किटच्या प्लेटवर अल्कोहोल फवारायचं, थोडा करंट द्यायचा आणि बघत बसायचं. सगळी प्लेट ओली चमकत असताना एका ठिकाणी ओल झपाट्याने उडते आणि तेवढा ठिपका कोरडा होतो. गरम होणारा पार्ट तोच. ज्वारीच्या दाण्याएवढा कपॅसिटर असतो कधी कधी, आणि त्याच्यासाठी अख्खी गाडी महिनाभर दारात उभी राहिलेली असते.

कॉइलचे आणि इंजेक्टरचे ड्रायव्हर, सप्लायचा भाग, डायोड, जळलेले ट्रॅक, तुटलेले सोल्डर, फुगलेले कपॅसिटर, हे सगळं बदलता येतं. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टर उघडायला ईसीएम बॅटरीचे बारा व्होल्ट वाढवून कितीतरी पट वर नेतो, तो भागही बऱ्याचदा दुरुस्त होतो. त्या गाडीचा ईसीएम चालू असताना इंजेक्टरच्या वायरींना हात लावू नका.

मुख्य प्रोसेसर जळला असेल, प्लेटच्या आतल्या थरात ट्रॅक तुटला असेल किंवा सगळा सांगाडा जेलने भरलेला आणि सिरॅमिकच्या पाटीवर केसासारख्या तारांनी जोडलेला असेल, तर मी नाही म्हणतो. तासन्‌तास काम करून चार दिवस चालणारा डबा देण्यापेक्षा तेच बरं.

ड्रायव्हर का जळला हे शोधल्याशिवाय मी डबा परत देत नाही. पेट्रोलच्या साध्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स साधारण १२ ते १६ ओहम असतो. तो दोन ओहम दाखवत असेल, तर नवा ड्रायव्हरही पहिल्याच दिवशी जाणार. म्हणून नुसता डबा आणला असेल तरी गाडीवरचे इंजेक्टर आणि कॉइल मोजून घ्या, असा आग्रह धरतो.

जुन्या बाजारातला ईसीएम आणून बसवला तर चालेल का?

डब्यावरचा पार्ट नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला तर चालू शकतो, पण लावला आणि गाडी उठली असं बहुधा होत नाही. चावीतल्या चिपची ओळख ईसीएमच्या मेमरीत असते. दुसऱ्या गाडीचा डबा तुमची चावी ओळखत नाही. इंजिन एक-दोन सेकंद चालून बंद पडलं किंवा चावीचा दिवा लुकलुकत राहिला, तर कारण हेच. जुन्या डब्यातली माहिती वाचून नव्यात भरावी लागते. डिझेलमध्ये प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा कोड असतो, तोही भरावा लागतो, नाहीतर धूर आणि खडखड.

म्हणून हात जोडून सांगतो, जुना डबा मेला असला तरी फेकू नका, भंगारवाल्याला देऊ नका. आत आठ पायांची एक छोटी चिप असते. बाकी सगळं जळलं तरी ती बऱ्याचदा जिवंत असते, आणि तुमच्या गाडीची ओळख तिच्यात असते. आम्ही काम सुरू करण्याआधी तिची नक्कल दोन ठिकाणी ठेवतो.

आणि बिलाशिवाय घेऊ नका. चोरीच्या गाडीचा निघाला तर केए-२२ असो की एमएच-०९, पोलिस चौकी सारखीच.

"रिमॅप करून अॅव्हरेज वाढवून देतो, फिल्टर बंद करून देतो" म्हणतात. करू का?

आम्ही करत नाही. रिमॅप म्हणजे ईसीएममधलं सॉफ्टवेअर बदलणं, आणि फिल्टर म्हणजे धुराचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आल्यावर गाडीला धूर रोखायची जी यंत्रणा बसवली, ती सॉफ्टवेअरने बंद करणं बेकायदेशीर आहे. अर्धवट फाइल भरून ईसीएम विटेसारखा निकामी झालेलेही आमच्याकडे येतात. फिल्टर वारंवार तुंबत असेल तर तो का तुंबतो ते शोधू.

अथणी, गोकाककडून डबा कुरिअरने पाठवला तर चालेल का? कन्नडमध्ये लिहून दिलं तर?

चालेल, दोन्ही. मराठी, कन्नड, जसं सुचेल तसं लिहा. आमच्या टेबलावर दोन्ही बोलल्या जातात. पण लिहा मात्र नक्की: गाडी कुठली, किती साली घेतली, कधी बंद पडली, त्याआधी काय काम झालं होतं. "बॅटरी बदलल्यापासून" एवढे दोन शब्दही आमचा अर्धा दिवस वाचवतात. कप्लर कापून पाठवू नका. डबा थर्मोकोलच्या दाण्यांत टाकू नका, त्यात स्टॅटिक तयार होतं. अँटीस्टॅटिक पिशवी नसेल तर आधी कागदात गुंडाळा आणि मग बबलचं आवरण.

दुरुस्त होऊन आला. बसवताना काय बघायचं?

बॅटरीचं निगेटिव्ह काढून मग कप्लर लावा, कडी "कट" वाजेपर्यंत. कप्लरचं रबर जागेवर आहे ना बघा. ते नसेल तर पहिल्या पावसात पाणी आत. चावी ऑन करून एक मिनिट तशीच ठेवा, मग सेल मारा. पेट्रोल गाडीचं आयडलिंग सुरुवातीला वर-खाली होईल, ईसीएम थ्रॉटल नव्याने शिकत असतो.

पण थंड इंजिन उठलं एवढ्यावर मी गाडी सोडत नाही. सोल्डरचा बारीक तडा थंड असताना मिटलेला असतो आणि गरम झाला की उघडतो. म्हणून गाडी काकती, होनग्याच्या बाजूला महामार्गावर नेऊन पुरेशी तापवतो, परत आणून बंद करतो आणि बॉनेट मिटलेलं ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबतो. त्या वेळात आतली उष्णता सगळ्यात जास्त चढते. मग सेल मारतो. तेव्हाही पहिल्या फटक्यात उठली, तर चावी मालकाच्या हातात देतो.